खुडूक कोंबडी, ११ अंडी आणि मावशींची दोन रात्रींची अट: वर्षभरानंतरचा रिव्ह्यू

मागच्या वर्षी संक्रांत झाल्यावर आठवड्याभरात भाटघर धरणाच्या पाण्याकडच्या एका वाडीतल्या मावशींकडून मी एक खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, गावठी कोंबडी आणि तिच्याखाली घालायची अंडी घेतली. कोंबडीचे ७५०, अंडी १५ ला एक अशी ११ म्हणजे १६५, एकूण ९१५ रुपये. पोहोच फुकट, म्हणजे त्या स्वतः रात्री घेऊन आल्या, त्याबद्दल पुढे सांगते. तेव्हा लगेच लिहिलं असतं तर नुसतं छान छान लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले, आता त्याच कोंबडीचं वर्षाचं चक्र बघून झालंय. मावशींचं नाव नंबर इथे टाकत नाहीये, त्यांना ते आवडणार नाही आणि त्यांच्याकडे एका वेळी दोन-तीनच कोंबड्या द्यायला असतात. पण त्या ज्या पद्धतीने देतात ती पद्धत कुणाकडूनही घेताना मागून घ्या, खरा रिव्ह्यू त्या पद्धतीचाच आहे.

आमची भोर तालुक्यात १४ गुंठे जागा आहे, थोडी भातशेती, परसबाग, आणि पाच-सहा कोंबड्या असाव्यात एवढीच हौस होती. आधी मी ऑनलाइन एक छोटं अंडी उबवायचं मशीन घेतलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही, साडेसहा हजाराला पडलं. त्यात ४२ अंडी लावली. मशीन वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि घरात कायम कुणीतरी असतं त्यांचं जमतं, पण तापमान ३७.५ च्या आसपास सतत हवं, दमटपणा आधी पन्नास-पंचावन्न टक्के आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर, आणि आमच्याकडे ऑगस्टमध्ये वारा सुटला की लाइट गेलीच. बाराव्या दिवशी रात्री पाच तास लाइट नव्हती, मी मशीनवर गोधडी टाकून बसून होते. ४२ मधून १४ पिलं निघाली. मग त्यांना ऊब द्यायला बल्ब, पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री, पुढे दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी, परत लाइट गेली की सगळी एकावर एक चढून खालची गुदमरायची. महिन्याने सहा राहिली. त्या सहा पिलांना किडा समोरून चालत गेला तरी तो खायचा असतो हे कळत नव्हतं, घार वर फिरायला लागली तरी अंगणात तशीच उभी. हे बघून मला फार वाईट वाटलं होतं, कारण दाणापाणी, ऊब सगळं मी देत होते आणि तरी काहीतरी मुळातच राहून जात होतं.

सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, अगं खुडूक कोंबडी बघ एखादी. मी आठवडे बाजारात गेले, एका विक्रेत्याने पिसं फुलवलेली एक कोंबडी दाखवली, खुडूकच आहे ताई म्हणाला, ६०० ला दिली. भर दुपारी पिशवीतून आणली, नवीन टोपलीत दहा अंड्यांवर ठेवली, ती संध्याकाळपर्यंत ओरडत दारापाशी फिरत होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत टोपलीकडे फिरकली नाही. दहा अंडी फुकट गेली. खुडूक असेलही ती तिच्या घरी, माझ्याकडे येईपर्यंत मोडली होती. जागा बदलली की बऱ्याच कोंबड्यांचं बसणं मोडतं हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

तर आता मावशी. ओळखीतून त्यांचा पत्ता लागला, मी गेले, पैसे काढले, तर त्या म्हणाल्या, "कोंबडी न्यायची घाई नको पोरी, आधी जागा दाव मला." आणि खरंच दुसऱ्या दिवशी येऊन जागा बघून गेल्या. आमचं पत्र्याचं खुराडं त्यांना पसंत पडलं नाही, पत्रा तापतो म्हणाल्या. गोठ्याच्या कोपऱ्यात, अंधारात, जमिनीपासून हातभर उंच, बाकीच्या कोंबड्या जिथे अंडी घालतात तिथून लांब अशी जागा त्यांनी निवडली, कारण बाकीच्या जवळ असल्या की त्या येऊन त्याच अंड्यांत आपली अंडी घालतात, मग कुठलं आधीचं कुठलं नंतरचं काही कळत नाही. मुंगूस शिरेल अशी एक फट त्यांनी बोटाने दाखवली, ती मी सिमेंटने बुजवली.

मग तिसऱ्या दिवशी रात्री साडेआठला त्या आल्या, कोंबडी त्यांच्याच डालग्यात, खाली तिच्याच जागेचा पेंढा. वर गोणपाट. आणि तिच्याखाली दोन खोटी अंडी, म्हणजे उकडून घेतलेली, काळ्या कोळशाने खूण केलेली. खरी अंडी आणलीच नव्हती. म्हणाल्या दोन रात्री अशीच राहू दे, ती उठून खाऊन परत स्वतःहून बसली तर मी अंडी आणते, नाहीतर कोंबडी परत नेते, पैसे तेव्हाच दे. ही दोन रात्रींची अट म्हणजे मला त्या ९१५ रुपयांत मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट. बाजारवाल्या कोंबडीला मी दोन उकडलेल्या अंड्यांवर बसवून बघितलं असतं तर दहा अंडी वाचली असती. इतकी साधी गोष्ट आहे, पण कुणी सांगितली नव्हती.

कोंबडी खुडूक आहे हे कसं ओळखायचं तेही मावशींनी हात धरून दाखवलं. खाली हात घातला की ती पळत नाही, पिसं फुलवून घशातून घर्र आवाज काढते आणि टोचते, छातीखालची पिसं गळून कातडी उघडी पडलेली असते आणि हाताला चांगलीच गरम लागते. ती उघडी कातडी अंड्याला थेट लागते, म्हणून ऊब पोचते. दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटं, खाते, पाणी पिते, धुळीत लोळते, आणि एकदाच एवढं मोठं घाण वासाचं हगते की नवीन माणसाला वाटतं आजारी आहे. आजारी नसते, दिवसभराचं धरून ठेवलेलं असतं, जागा घाण करत नाही ती.

आमची दुसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही, मी घाबरले, मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या संध्याकाळी उचलून बाहेर ठेव, उठायचं विसरतात काही काही. ठेवली, तर दाणे टिपून पळत परत. दुसरी रात्र झाल्यावर मावशी अंडी घेऊन आल्या. ११ च का तर त्या विषम आकडाच देतात, त्यांच्या सासूने तसं सांगितलेलं. कोंबडी लहान चणीची असल्याने अकरा बरोबर मावली, एकही पंखाबाहेर उघडं राहिलं नाही. अंडी सगळी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, फ्रिजमध्ये न ठेवलेली. धुतलं की अंड्यावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि जंतू आत जायला वाट होते हे मला नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मावशी नुसतं म्हणायच्या, धुवायचं नाही, बसत नाय मग. दोघांचं म्हणणं एकच.

पेंढ्याखाली निरगुडीचा पाला घातला त्यांनी, पिसवा आणि उवा होऊ नयेत म्हणून. हे गंभीरपणे घ्या, कारण अंगावर उवा झाल्या की चांगली बसलेली कोंबडी पण वैतागून उठते. शेजारी राखेचं घमेलं ठेवायचं. आणि एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा अंड्यांजवळ, गडगडाट झाला तर अंडी खराब होतात अशी समजूत आहे म्हणून. जानेवारीत कुठला गडगडाट, पण मी ठेवला खिळा, सासूबाईंनाही बरं वाटलं.

सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडी बघितली, अंधारात अंड्याच्या रुंद बाजूला टॉर्च लावायचा, दहांमध्ये कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, एक नितळ होतं ते काढलं. अठराव्या दिवसानंतर मावशींनी हात लावायला सक्त मनाई केली. विसाव्या दिवशी संध्याकाळी अंड्यातून चिवचिव ऐकू आली आणि कोंबडी खालच्या आवाजात उत्तर देत होती, मी गोठ्यात पायरीवर बसून ते ऐकत होते, मशीनमध्ये ४२ अंडी लावली होती तेव्हा हे ऐकायला मिळालं नव्हतं. एकविसाव्या दिवशी सकाळी सात पिलं, दुपारपर्यंत नऊ. दहाव्या अंड्यातलं आतच गेलं होतं. अकरातून नऊ. पिलं निघाल्यावर मला खायला घालायची घाई झालेली, पण पहिला दीडेक दिवस पोटातल्या बलकावर पिलांचं भागतं, म्हणून तर ती सगळी निघेपर्यंत आई बसून राहू शकते. पण एक ध्यानात ठेवा, अंडी सगळी एकाच दिवशी खाली घालायची, रोज एक एक सरकवायचं नाही, कारण पहिली पिलं फिरायला लागली की ती त्यांच्याबरोबर उठते आणि मागची अंडी गार पडतात.

आता जे मशीन देऊ शकत नाही ते. तिसऱ्या दिवशी कोंबडीने (आम्ही तिला लवंगी म्हणतो) पिलं अंगणात काढली. मी इंद्रायणीची कणी टाकली, तर ती स्वतः न खाता एक कण उचलून खाली टाकायची, परत उचलायची आणि कुक कुक कुक करून बोलवायची, पिलं धावत येऊन तिच्या चोचीखालचंच टिपायची. असं करत दोन दिवसांत त्यांना कणी, वाळवी, शेणातले किडे सगळं ओळखू यायला लागलं. वाळवीसाठी जुन्या मडक्यात ओलं शेण आणि पेंढा भरून बांधावर पालथं घालायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं की खाली पिलांची मेजवानी. घार आली की लवंगीचा आवाज वेगळाच, एक लांब खेचलेली किंकाळी, आणि नऊच्या नऊ पिलं जिथे असतील तिथे पाल्यात दबून गप्प. चार दिवसांच्या पिलांना हे कळतं! मशीनमधली माझी पिलं महिन्याची होऊन मोकळ्यात उभी राहायची. उबेचं पण तसंच, थंडी वाजली की आपली आपण आईखाली शिरतात, गरम झालं की बाहेर. थर्मामीटर नाही, बल्ब नाही, लाइटचं बिल नाही. मावळातली फेब्रुवारीची पहाट कशी असते ते इकडच्यांना माहितीय, एकही पिलू थंडीने गेलं नाही.

एक पिलू गेलं ते माझ्या चुकीने. पाण्याचं भांडं खोल ठेवलं होतं, पाचव्या दिवशी त्यात बुडलं. त्यानंतर पसरट ताटली आणि त्यात गोटे, पिलांची चोच बुडेल एवढंच पाणी. बाकीची आठ दोन महिन्यांची झाली, मग लवंगीने त्यांना टोचून लांब केलं आणि एप्रिलच्या शेवटी परत अंडी घालायला लागली.

आता मी गुण कुठे कापते ते. लस. मावशी लसीचं नाव काढू देत नाहीत, "आमच्या कोंबड्यांना कधी टोचलं न्हाय" म्हणतात. पण त्याच बोलता बोलता सांगतात की मागे एका उन्हाळ्यात मानमोडीने (म्हणजे राणीखेत रोगाने) अख्खी वाडी रिकामी झाली होती, त्यांच्या स्वतःच्या पंचवीस कोंबड्यांतल्या तीन उरल्या. कोंबडी कितीही चांगली आई असली तरी मानमोडीपासून पिलांना ती वाचवू शकत नाही, तिथे लसच लागते. मी सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीचीच थेंबांची लस) डोळ्यात एक एक थेंब घातली, चौथ्या आठवड्यात परत, दीड महिन्याने देवीची, आणि दोन महिन्यांनी मानमोडीची टोचायची. अडचण अशी की लसीची बाटली शंभर डोसची मिळते आणि पिलं आठ. फोडली की दोन तासांत संपवायची, तोपर्यंत बर्फात. मग मी वाडीतल्या सगळ्यांना सांगून एकच दिवस ठरवला, थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणली आणि घरोघर फिरून संध्याकाळी थेंब घातले. पहिल्या वेळी चार घरं आली. जूनच्या आधीच्या खेपेला नऊ घरं, आणि मावशींनी स्वतःहून नातवाकडून निरोप पाठवला, आमच्या पन पिलांना घाल. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. तरीपण त्यांनी कोंबडी देतानाच लसीचं सांगायला पाहिजे, नवीन माणूस मानमोडीत सगळं गमावून बसला तर परत कोंबड्या पाळणार नाही. अर्धा स्टार त्याचा.

दुसरा अर्धा स्टार वाट बघण्याचा. मार्गशीर्ष ते फाल्गुन एवढ्याच दिवसांत त्या कोंबडी देतात. मी जूनमध्ये बहिणीसाठी मागितली तर सरळ नाही म्हणाल्या. मला तेव्हा राग आला होता पण त्यांचं बरोबर आहे, एप्रिल-मेच्या उन्हात कोंबडीखाली घालायच्या आतच अंडी बिघडायला लागतात, आणि आमच्याकडच्या पावसात जमीन ओली, पिलं भिजली की रक्ती हगवण आणि गारठा, अर्धी जातात. लवंगी मे अखेरीस परत खुडूक झाली तेव्हा मी तिला बसवलं नाही. काही लोक अशा वेळी कोंबडीच्या नाकात पीस खुपसतात, पाण्यात बुडवतात, तसलं काही करू नका. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, पेंढा न घालता, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवलं की बसणं आपोआप मोडतं.

गावठीच का, असंही बऱ्याच जणांनी विचारलं, वनराज किंवा ग्रामप्रिया घेतली तर अंडी जास्त मिळतात. मिळतात, गावठी वर्षाला साठ-ऐंशी देते आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या या जाती त्याहून कितीतरी जास्त देतात, पण त्या खुडूक जवळपास बसतच नाहीत. जास्त अंडी हवी म्हणून खुडूकपणा पिढ्यान्‌पिढ्या निवड करत करत काढून टाकलेला असतो, कारण बसलेली कोंबडी अंडी घालत नाही. बसण्याच्या बाबतीत कडकनाथचं पण तेच, झाबुआच्या या कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, भाव चांगला, पण बसायला भरवशाची नाही, म्हणून लोक कडकनाथची अंडी गावठीखालीच घालतात. एक गावठी आई दारात असली की दुसऱ्या कुठल्याही जातीचं पिलू वाढवता येतं.

ते मी करून पण बघितलं. ऑक्टोबरमध्ये लवंगी परत बसली तेव्हा अंडी नव्हतीच पुरेशी, खोट्या अंड्यांवरच अठरा-वीस दिवस बसलेली होती. ओळखीतल्या एकांनी गिरिराज जातीच्या कोंबड्यांची एक दिवसाची पिलं आणली होती, त्यातली सहा घेतली. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या रात्री, दिवा न लावता, एक एक करून पंखाखाली सरकव आणि तेवढीच खोटी अंडी काढून घे. हात थरथरत होते माझे. पहाटे जाऊन बघितलं तर सहाही चोची तिच्या पिसांतून बाहेर. आपलीच समजून वाढवली तिने. पिलं दोन-तीन दिवसांच्या आतली पाहिजेत एवढंच, मोठी झालेली घेत नाही, ती पिलं पण तिला आई मानत नाहीत. गिरिराजची पिलं भराभर वाढून दीड महिन्यात तिच्या अंगाएवढी झाली आणि तरी रात्री तिच्याखाली डोकं खुपसायला बघायची, अंग बाहेर आणि डोकं आत. तिने काही त्यांना हाकललं नाही.

हिशोब म्हणाल तर ९१५ रुपये, थोडी कणी, लसीचे वाटून आलेले पैसे, आणि बदल्यात पहिल्या खेपेत आठ पिलं, त्यातले तीन कोंबडे विकले, दोन तलंगा (तरुण माद्या) ठेवल्या, तीन बहिणीला दिल्या. मशीन कपाटावर आहे, कुणाला हवं असेल तर घेऊन जा. ज्यांना एका वेळी शंभर पिलं काढून धंदा करायचाय त्यांनी खुडूकच्या भरवशावर राहू नये, एक कोंबडी दहा-बारा अंड्यांच्या पुढे घेत नाही. पण दारात पाच-दहा कोंबड्या आणि वर्षाला एक-दोन वेळा पिलं एवढंच हवं असेल तर पहिली कोंबडी अशी घ्या जिने आधी एकदा पिलं वाढवलेली आहेत, आणि देणारा खोट्या अंड्यांवर दोन रात्री बसवून दाखवायला तयार आहे का ते विचारा. नाही म्हणाला तर घेऊ नका.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.

परवापासून लवंगीची एक तलंग सकाळी डालग्यातून उठत नाहीये, हात घातला की घर्र करते. पहिलीच वेळ आहे तिची. दोन उकडलेल्या अंड्यांवर कोळशाची खूण करून कालच रात्री खाली घातली, उद्यापर्यंत टिकली तर मावशी नऊ अंडी घेऊन येतायत, पहिलटकरणीला अकरा नको म्हणाल्या.